डावीकडे थोडं सैल

४ नोव्हेंबर, सोमवार

थंडी पडायला लागली म्हणून ताईने आज बॉबिनचा कोट कापला. कुणीतरी दुरुस्तीला टाकून न्यायला विसरलेला एक राखाडी ओव्हरकोट आमच्याकडे पडून आहे, त्यातून दर हिवाळ्याला याचा एक कोट निघतो. पाठीवर बसणारा, पोटाखाली दोन बटणांनी अडकवायचा. म्हाताऱ्या कुत्र्याचं माप ते काय बदलणार? तरी ताई दरवर्षी टेप लावते आणि तोही साहेबासारखा हात वर करून, म्हणजे पाय वर करून उभा राहतो.

शिवायला घेतला तर डावी बाजू उजवीपेक्षा चांगली दोन बोटं मोठी. एकावर एक ठेवून पाहिल्या, उलट्या करून पाहिल्या. डावीच मोठी. जिच्या कातरीने कधी दोऱ्याएवढी चूक केली नाही, तिच्या हातून हे. खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं.

"बॉबिन," मी म्हटलं, "तिला सांग, डावी बाजू मोठी कापली गेलीय. चष्म्याचा नंबर बघून घे म्हणावं."

"बॉबिन," टेबलावरून मान वर न करता ताई म्हणाली, "तिला सांग, कापलंय तसंच शिव."

नेहमीचा हुकूम. चूक कबूल करणं या बाईच्या स्वभावातच नाही. मी जादा कापड कातरून टाकलं, दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि मशीन मारली. तुकडा चिंध्यांच्या पिशवीत गेला. कोट असा झालाय की दुकानाच्या काचेत लावावा.

६ नोव्हेंबर, बुधवार

नवीन नर्सबाई आल्या होत्या, ॲप्रनचं माप द्यायला. ताई माप घेत होती, मी मशीनवर. ताई म्हणाली, "बॉबिन, तिला विचार, पांढरं कापड पुरेल का." मी म्हटलं, "बॉबिन, सांग, दोन ॲप्रन निघतील, तिसऱ्याला खिसे होणार नाहीत." नर्सबाई एकदा ताईकडे, एकदा माझ्याकडे, मग खाली गोणपाटावर पसरलेल्या बॉबिनकडे बघत राहिल्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "याला एवढं सगळं कळतं?"

"आमच्या दोघींपेक्षा जास्त," ताई म्हणाली. नर्सबाई हसल्या. त्यांना वाटलं विनोद केला.

जुन्या गिऱ्हाइकांना सवय झालीय. एका घरात राहतो, एका खोलीत काम करतो, ती कापते आणि मी शिवते, आणि थेट एकमेकींशी बोलत नाही. ज्या वाक्यावरून हे सुरू झालं ते मी लिहिणार नाही. मला पाठ आहे आणि तिलाही असणार. आई होती तोवर निरोप आईमार्फत जायचे. आई गेल्यावर आठवडाभर घरात भांड्यांचेच आवाज. मग एके सकाळी ताई आईच्या या कुत्र्याला म्हणाली, "तिला सांग, दूध संपलंय." त्या दिवसापासून घर चाललंय. बिचाऱ्याने कधी एक निरोप पोचवला नाही, पण कधी चुकीचाही सांगितला नाही.

कोट काही त्याला आवडलेला नाही. घातला की अंग चोरतो. सकाळी मी घालते आणि दुपारी बघावं तर काढून खुर्चीवर ठेवलेला असतो. ताईचं काम. मी शिवलेलं कधी तिच्या डोळ्यांत भरलंय?

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी त्याला अंगणात ब्रश करत होते. डाव्या पुढच्या पायामागे, बरगड्यांवर, हाताला काहीतरी लागलं. आधी वाटलं केसांचा गुंता. मग वाटलं गोचीड. मग बोटांनी धरून पाहिलं.

गाठ आहे. लिंबाएवढी. टणक. सरकवली तर सरकत नाही. वरची कातडी लाल झालीय, कोट घासत असणार तिथे.

तो शेपटी हलवत होता. मी दाबलं तसा कण्हला आणि लगेच माझा हात चाटला, जणू त्याचीच चूक.

आत आले. ताई खडूने पॅंटच्या कापडावर रेघ मारत होती. सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि तिथेच घोडं अडलं. "बॉबिन, तिला सांग, बॉबिनला गाठ झालीय"? त्याच्या तोंडावर? तो मान वर करून बघत होता, निरोप घ्यायला तयार. नाव ऐकलं की तो कान टवकारतो, हे ठाऊक असताना मी ते नाव घेऊन असलं काही बोलू? आणि त्याला वगळून तिच्याशी बोलायचं, तर ते इतकी वर्षं जमलं नाही ते आज कसं जमणार?

म्हटलं, "बॉबिन, सांग तिला, मी सोमवारी जरा बाहेर जाणार आहे. तुला घेऊन." ताईचा खडू थांबला. "कुठे म्हणावं?" "फिरायला."

खडू पुन्हा चालू लागला. एवढंच. माणसाला काही वाटत असेल तर ते दिसतं की. तिला दिसत नाही, कारण ती त्याला कधी जवळ घेतच नाही. टेप लावते तेवढाच तिचा त्याचा संबंध.

११ नोव्हेंबर, सोमवार

पुलापलीकडच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण आहेत, हात मऊ. टेबलावर चढवताना त्यांच्या मदतनीसाने एक बाजू धरली आणि मी एक. बॉबिन थरथरत होता. मी कानात सांगत होते, काही नाही रे, काही नाही. खोटं बोलायला मला फारसं जड जात नाही असं दिसतंय.

डॉक्टरांनी बराच वेळ दाबून पाहिलं. छातीला नळी लावून ऐकलं. मग म्हणाले, "ही आजकालची नाही. काही महिने तरी असणार. लक्षात नाही आली?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "केसाळ आहे हो."

"पण इथले केस तर कापलेत कुणीतरी." खरंच, गाठीभोवती केस आखूड होते, गोल, व्यवस्थित. मी म्हटलं, "आमच्या घरी कातरींचाच धंदा आहे. बहिणीच्या हातात कातर असली की काही ना काही कापतेच."

त्यांनी सुई घालून थोडं पाणी काढून घेतलं, तपासायला पाठवतो म्हणाले. दुखण्यावर गोळ्या दिल्या, रोज सकाळी खाण्यातून एक. "आणखी काही औषध चालू आहे?" विचारलं. मी ठासून सांगितलं, "काहीच नाही. घरात मीच बघते त्याचं सगळं."

येताना तो पुलावर थांबला आणि खालच्या पाण्याकडे बघत बसला. मीही बसले. एक बाई म्हणाली, किती शहाणा आहे. मला रडू आलं, तिने बघितलं आणि घाईघाईने निघून गेली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

ताई आंघोळीला गेली की गोळी पावाच्या मऊ भागात दडवून देते. घेतो निमूटपणे. आधी गोळी म्हटलं की घर डोक्यावर घ्यायचा, आता पावाचा तुकडा पुढे केला की गोळी आहे हे त्याला कळतं असं वाटतं, तरी खातो. कुठे शिकला कोण जाणे.

एक गंमत. ताईला एकाएकी त्याचा पुळका आलाय. दुपारी जेवण झालं की स्वतःच्या ताटातला लोण्याचा पाव त्याला भरवते. पूर्वी म्हणायची, कुत्र्याला ताटातलं देऊ नये. आणि त्याचं गोणपाट तिने तिच्या खुर्चीच्या पायाशी ओढून घेतलंय. मी सकाळी माझ्या मशीनजवळ आणते, दुपारपर्यंत परत तिकडे. एक शब्द न बोलता रोज ही ओढाओढ. बॉबिन बिचारा उठतो आणि जिकडे गोणपाट तिकडे जाऊन पडतो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यातून बोलावणं आलं. ताईला "बॉबिन, सांग, दोरे आणायला चाललेय" म्हणून निघाले.

वाईट जातीची आहे. डॉक्टरांनी दुसरा शब्द वापरला, मला तो लिहायचा नाही. खाली बरगडीला चिकटलीय. काढायची तर बरगडीचा तुकडाही काढावा लागेल. आणि हृदयाचा ठोका नीट नाही, वय झालंय, भूल दिल्यावर उठेलच असं सांगता येत नाही. नाही काढली तर वाढत जाईल.

"तुम्ही असता तर काय केलं असतं?" मी विचारलं.

"मी तुमच्या जागी नाही," ते म्हणाले. चांगले आहेत, पण या वाक्याचा मला काडीचा उपयोग नाही. "घरी बोला, मंगळवारपर्यंत सांगा."

घरी बोला. किती सोपं आहे म्हणणाऱ्याला.

दोऱ्याची रिळं आणायची विसरले. रिकाम्या हातांनी घरी आले. ताईने हातांकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. गेल्या उन्हाळ्यात ती स्वतः कितीदा बटणं आणायला म्हणून जाऊन बटणांशिवाय आली, तेव्हा मी काही कमी टोमणे मारले नव्हते.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल दिवसभर ठरवत होते, काढायची. आज सकाळपासून ठरवतेय, नाही काढायची. दुपारी पुन्हा काढायची. असा निर्णय एकटीने घेण्याइतकी मी मोठी नाही. लग्न, घर, दुकान, आईचं आजारपण, सगळ्यात ताईने ठरवलं आणि मी कुरकुर केली. कुरकुर करायची इतकी सवय झालीय की ठरवायचं कसं तेच येत नाही.

शेवटी आडून विचारलं. बॉबिन झोपला होता, तरी त्याच्याकडेच बघून म्हटलं, "बॉबिन, तिला विचार. एक जुना कोट आलाय. वरून ठीक दिसतो. आत अस्तराखाली खराब झालंय, अगदी आतल्या कापडापर्यंत. उसवून ते काढावं का?"

ताईने कातर खाली ठेवली. मग म्हणाली, "बॉबिन, तिला सांग, कापड फार जुनं असलं की उसवल्यावर पुन्हा शिवण धरत नाही. सगळंच हातात येतं."

"पण आत पसरत गेलं तर?"

मी चुकून बॉबिनचं नाव घ्यायला विसरले. तिच्या लक्षात आलं की नाही कळलं नाही. ती त्याच्याकडेच बघत म्हणाली, "जातंच पसरत. तोवर अंगावर राहू दे म्हणावं. ऊब तर देतोय."

आणि उठून चहा करायला गेली. चहा इतका वेळ उकळत होता की काळा झाला.

तिला कोटाबद्दल विचारलं, तिने कोटाबद्दल सांगितलं. तिला काय कल्पना. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याबद्दल असं इतक्या थंडपणे कुणी सांगेल का? तरी मी ते उत्तर धरून बसलेय, दुसरं काहीच धरायला नाही म्हणून.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांना फोन केला, नाही काढायची. फोन ठेवला आणि वाटलं, आपण आत्ता नेमकं काय केलं? दोन शब्दांत संपलं. कोटाच्या सल्ल्यावरून मी एका जिवाचा निकाल लावला.

बॉबिन काल आणि आज नीट खात नाही. पोट धरून बसल्यासारखा बसतो. सकाळी कशीबशी गोळी दिली. ताई दुपारी त्याच्या तोंडाशी लोण्याचा पाव धरून बसली होती. "खा रे राजा, खा, एवढा एक घास खा." राजा. मी हे तिच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. त्याने खाल्ला, बहुधा तिच्यासाठीच.

गाठीमुळेच असणार. पसरली असेल पोटात. मी नाही म्हणाले आणि ती पसरली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कालचा दिवस. आज लिहायला जमतंय.

सकाळी तो ओकला, त्यात काळपट रक्त होतं. शी काळी. उठवलं तर मागचे पाय दुमडले. मी "ताई" म्हणून हाक मारली. थेट. ती धावत आली आणि त्याला बघून खाली बसली. कुणीच कुणाला काही सांगितलं नाही. तिने राखाडी ओव्हरकोटाच्या उरलेल्या कापडात त्याला गुंडाळलं, मी टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाला कुत्रा बघून नको म्हणायला लागला, ताईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने स्वतः उतरून दार उघडलं.

मी टॅक्सीवाल्याला पुलापलीकडे म्हटलं. ताई त्याच क्षणी म्हणाली, हॉस्पिटल रोड. दोघी थांबलो. मग ती म्हणाली, "पूल जवळ आहे, चला." तिला कसं माहीत तिथे डॉक्टर आहे, हा विचारसुद्धा मला तेव्हा शिवला नाही.

डॉक्टरांनी पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या. पांढऱ्या पडल्या होत्या. "गोळ्या किती दिल्या? नक्की सांगा."

"रोज सकाळी एक. तुम्ही सांगितली तशी."

"एवढ्याने असं व्हायला नको."

"आणि दुपारी एक," माझ्या मागून ताई म्हणाली. "हॉस्पिटल रोडच्या डॉक्टरांनी दिलेली." तिने पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. गोळ्यांचा रंग तोच. नाव वेगळं, औषध तेच.

डॉक्टरांनी आधी पाकीट बघितलं, मग आम्हाला. "तुम्ही दोघी एकाच घरात राहता ना?"

आम्ही दोघींनी मान हलवली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्याला आत नेलं, सलाईन लावायला. दार बंद झालं.

बाहेर बाकावर बसलो. ताईच्या हातात त्याचा पट्टा. मला हजार गोष्टी विचारायच्या होत्या. तोंडातून निघालं, "बॉबिन, तिला विचार..." आणि समोर फक्त पाण्याचं एक रिकामं भांडं.

"विचार," ताई म्हणाली. "विचार काय ते."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"उन्हाळ्यापासून. पट्टा बदलताना हाताला लागली."

"केस तू कापलेस."

"गेल्या महिन्यात पुन्हा सुई घालायची होती. डॉक्टर वेडेवाकडे कापत होते, मी म्हटलं द्या इकडे."

"आणि न काढायचं ठरवलंस. एकटीने."

"तू नाही ठरवलंस?"

मला तिचा राग आला होता, भयंकर, आणि त्या रागाला बसायला कुठे जागाच नव्हती, कारण तिने केलं ते सगळं मीही केलं होतं. मी म्हटलं, "मला एकदा सांगायचं तरी."

ताईने पट्टा हाताला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"त्याच्यासमोर कसं सांगू?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि सांगितलं होतं की. कोट कापून दिला तेव्हा. डावीकडे सैल सोडला होता. मला वाटलं, इतकं मोठं कसं कापलं म्हणून तू त्याच्या अंगावर धरून बघशील. हात लावशील."

मी धरून बघितलं नव्हतं. मी एका बाजूवर दुसरी बाजू ठेवून बघितलं होतं.

"कातरलेलं बघितलंस तेव्हा तरी बोलायचं ना."

"वाटलं, कळलंय तुला आणि तुझं म्हणणं वेगळं आहे." ती दाराकडे बघत होती. "तुझं म्हणणं नेहमीच वेगळं असतं."

आतून त्याचा आवाज येत नव्हता. बोलण्यासारखं होतं ते सगळं बोलून झालं होतं, आणि त्याचा त्याला आता काही उपयोग नव्हता.

२४ नोव्हेंबर, रविवार

घरी आणला. पोट सावरलंय. डॉक्टर म्हणाले, गोळीमुळे जे झालं ते बरं होईल. मूळचं जे आहे ते आहेच. "हिवाळा काढेल?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे न बघता ताईकडे बघितलं. सगळ्यांनाच कळतं घरात कोण ठरवतं ते.

नवी गोळी दिलीय, पोटाला सोसणारी. दिवसातून एकदाच, आणि एकीनेच द्यायची, असं त्यांनी आमच्याकडून शाळेतल्या पोरींसारखं दोनदा म्हणवून घेतलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आता घरात रोज एक शब्द थेट बोलला जातो. सकाळी जी गोळी देते ती म्हणते, "दिली." दुसरी म्हणते, "बरं." बाकी सगळं पूर्वीसारखं बॉबिनमार्फत. बाह्या, काजं, चहा, वीज गेली, वीज आली. मला वाटलं होतं, त्या बाकावर काहीतरी तुटलं किंवा जुळलं. तसं काही झालेलं नाही. बोलायला बसलं की ते जुनं वाक्य दोघींच्या मधे येऊन बसतं. त्याला उठवायची ताकद माझ्यात नाही. तिच्यातही नसावी.

आम्ही निरोप सांगतो तेव्हा तो आता डोळे उघडत नाही. शेपटीचं टोक तेवढं हलवतो, पोचला म्हणून. कधीकधी तेही नाही. मग आम्ही दोघी कामातून मान वर करून थांबतो, टोक हलेपर्यंत. हललं की मशीन सुरू होते.

हा गेल्यावर आम्ही कशा बोलणार, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. मला खरंच माहीत नाही. त्याच्यासाठी रडावं की आमच्यासाठी, हेही नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज फार गार आहे. खिडकीच्या काचेला आतून ओल आलीय. बॉबिन कुडकुडत होता. मी राखाडी कोट खुर्चीवरून घेतला आणि डावी शिवण उसवली. चिंध्यांची पिशवी जमिनीवर ओतली. मी कातरलेला तुकडा सापडला, अगदी तळाशी. त्यात दोन बोटंच कापड होतं. गाठ आता पेरूएवढी झालीय.

ताई आपली कातर ठेवून जवळ आली. त्याच्या शेजारी जमिनीवर बसली, गुडघे दुखतात तिचे, तरी बसली. टेप त्याच्या पोटाखालून काढला. तो पाय उचलायला गेला, जमलं नाही, तर तिनेच त्याचा पाय हातावर धरून ठेवला. मी ओव्हरकोटाच्या शिल्लक कापडातून मोठा तुकडा काढला आणि त्याच्या डाव्या अंगाला लावून बघितला. या वेळी अंगावर धरून बघितला. गाठ वाढेल तशी शिवण सोडता यावी म्हणून मी आत भरपूर कापड दुमडून धरलं, एक घडी, दुसरी घडी. महिन्याला एक घडी सोडली तरी थंडी संपेपर्यंत पुरेल, आणि वर थोडं शिल्लक राहील.

ताई बघत होती. बॉबिन गाढ झोपला होता, तिच्या मांडीवर डोकं टाकून. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, त्याचं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, एवढं कशाला? एवढं नाही लागणार त्याला."

मला ऐकू आलं. मी टाचण्या लावत राहिले, सगळ्या घड्या आत घेऊन. तिने हात पुढे केला, मला वाटलं कापड काढून घेईल. तिने टाचण्यांची डबी माझ्याकडे सरकवली.